ब्रेक न दाबल्याबद्दल बक्षीस

३ जानेवारी, शनिवार

आजपासून मी ट्रक थांबवायला शिकवते. स्वतः स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही, आणि आमच्या केदारच्या मते स्कूटरसुद्धा मी चालवत नाही, दटावते. नवरा आहे, त्याला बोलू द्यावं. पण आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे घर्षण म्हणजे काय हे मला माहीत आहे, आणि शेठ केसरीनाथांच्या ट्रान्सपोर्टमध्ये एवढी पात्रता पुरली.

झालं असं, की भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या ज्या कंपनीच्या गोदामांतला माल शेठच्या गाड्या वाहतात, तिनं अट घातली: ड्रायव्हरांना ब्रेकिंगचं प्रशिक्षण हवं, मराठीत हवं, आणि खाली प्रशिक्षकाची सही हवी. शेठ घरी आले. म्हणाले, "बाई, तुमी पेपरात लिवता ना, अर्धी भिवंडी घाबरते तुमाला. तशाच आमच्या ड्रायव्हरांना घाबरवा." साप्ताहिकातल्या माझ्या सदराचं इतकं मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी हो म्हणून बसले. मग एसटीतून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकाचं आठवडाभर डोकं खाल्लं आणि वह्या भरल्या.

पहिला वर्ग मानकोलीच्या यार्डात, टायरच्या शेडखाली. ड्रायव्हर आले, चहा प्याले. शेठ आले, वर्गाचे फोटो काढले, गेले. मग ड्रायव्हर गेले. मी फळ्यावर 'गतिज ऊर्जा' हा शब्द लिहून पूर्ण करेपर्यंत शेडमध्ये दोन माणसं उरली होती. एक नवशा, सगळ्यांत जुना ड्रायव्हर, तो दुसरा चहा यायचा होता म्हणून थांबलेला. आणि दुसरा जीवन.

५ जानेवारी, सोमवार

जीवन हे प्रकरण सविस्तर लिहायला हवं.

अकलोलीचा, शेतकऱ्याचा मुलगा, वय तिशीच्या आसपास. ऑफिसच्या भिंतीवर एक फळा आहे, 'ॲव्हरेजचा राजा'. एका लिटर डिझेलमध्ये सगळ्यांत जास्त किलोमीटर जो काढेल त्याचा फोटो, फोटोला प्लॅस्टिकचा हार, आणि महिन्याला एक मिक्सर. जीवन इतक्या वेळा राजा झाला आहे की त्याच्या घरी वाटायला तेवढे नारळ नसतील. फोटोचा फोटो काढून तो सासुरवाडीला पाठवतो. सासऱ्यांना सरकारी नोकरीवाला जावई हवा होता म्हणे.

मी विचारलं, "एवढं ॲव्हरेज काढतोस कसं?"

लाजत म्हणाला, "काय न्हाय बाई. कसारा घाट उतरताना न्यूट्रल मारायचा. गाडी आपसूक पळते. इंजिनाला कशाला तरास?"

वीस-पंचवीस टनांची भरलेली गाडी, कसारा घाट, आणि गिअर सोडलेला. म्हणजे इंजिनाची ओढ संपली, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पाचवी 'ब' मध्ये शेवटच्या बाकावरून डोलावली जायची तशी.

नवशा म्हणाला, "बाई, तो दोन वर्षं असाच उतरतो. कुठं काय झालंय?"

"झालं की मग तुम्ही वर्गाला यालच. शोकसभा टायरच्या शेडखालीच भरेल."

नवशा खदाखदा हसला. हे लोक माझ्या बोलण्याला दाद फार छान देतात. ऐकत मात्र नाहीत.

१० जानेवारी, शनिवार

पूर्ण्याला गोदामाच्या फाटकाशी गुणाबाईची चहाची टपरी आहे. आज तिथं जीवनची बायको भेटली. नेत्रा. आत गोदामात पॅकिंगला असते, शिफ्ट सुटली होती.

"तुमीच ना ब्रेकवाल्या बाई?"

ही उपाधी आता पेन्शनीबरोबरच सुटायची.

म्हणाली, "हा मिक्सर आणतो आन् मी मोजत बसते, की या मिक्सरसाठी किती वेळा घाट न्यूट्रलमध्ये उतरला असंल. मी बोलले की हसतो. तुमी मास्तरीण हाव, तुमचं ऐकंल. त्याला घाटात गिअरमध्ये उतरायला शिकवा. बास. दुसरं मना काय नको."

मी शब्द दिला. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवलं नाही. आता तो शब्द पाळायचा, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या हाराशी सामना आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

जमलं! आणि जमूनही वैताग आला.

एसटीच्या प्रशिक्षकांना पुन्हा फोन लावला होता. ते म्हणाले, त्याला सांगा, हल्लीच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाला डिझेल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं थोडं पीत राहतं. हे मी जीवनला सांगितलं. मरणाच्या भीतीनं जो हलला नव्हता तो डिझेलच्या थेंबानं ताडकन उठला. नाशिकची फेरी करून आला. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरला, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर कोंडून इंजिनाकडूनच गाडी आवरणारा ब्रेक, चालू ठेवून. पायब्रेक लागला तिथं घट्ट दाबला, वेग उतरल्यावर पूर्ण सोडला, पाय नुसता टेकवून ठेवला नाही. सगळं अगदी मी सांगितलं तसं.

"खरंच हाय बाई! डिझेलचा काटा हलत न्हाय!"

मी म्हटलं, "शाब्बास. आता हे सगळ्यांना सांग."

त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "नको ना बाई. सगळ्यांना कळलं तर माझा फोटो जाईल."

म्हणजे जीव वाचवायची युक्ती मिळाली ती धंद्यातलं गुपित म्हणून ठेवायला. बाकीचे आपले न्यूट्रलमध्ये उतरताहेत, का, तर जीवनला गाठायचं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

शेठकडे गेले. म्हटलं, तो फळा काढा.

"काय बोलता बाई! तो फळा म्हंजे आमची इज्जत हाय. स्पर्धा पायजे मानसाला. स्पर्धा न्हाय तर मानूस झोपतो."

"झोपू दे. निदान घाटात मरणार नाही."

"मंग दुसरा कायतरी द्या. पन फोटो पायजे आन् हार पायजे."

तेव्हा मला सुचलं. प्रत्येक गाडीत एक जीपीएसची डबी बसवलेली आहे. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की ती केबिनमध्ये बीप करते, आणि तोच बीप शेठच्या मोबाईलवर आणि ऑफिसच्या संगणकावर येऊन पडतो. आता, ब्रेक कचकन कधी मारावा लागतो? पुढच्या गाडीपासून अंतर राखलं नाही, लांबवर बघितलं नाही, वेग आधी उतरवला नाही, की. म्हणजे ज्याचे बीप सगळ्यांत कमी तो सगळ्यांत शहाणा ड्रायव्हर. मग हार त्याला घाला.

शेठनी टेबलावर थाप मारली. "बाई, तुमी फुकट शाळेत सडलात."

नवीन फळ्याला नाव मीच दिलं, 'मऊ पायाचा मानकरी'. घरी येऊन केदारला सांगितलं. तो म्हणाला, "आणि खरंच कोणी आडवं आलं तर?" मी म्हटलं, आयुष्यात बँकेच्या काउंटरबाहेर न पडलेल्या माणसानं वाहतुकीवर बोलू नये.

२७ जानेवारी, मंगळवार

फळा लागला. प्रत्येकाच्या नावापुढे आठवड्याचे बीप, लाल खडूनं. जुना फळा माळ्यावर गेला, त्यावरचा हार धुऊन यावर आला. घाटात गिअर का लावायचा हेही मी फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. आता गुपित ठेवण्यात कुणाचा फायदा नव्हता. जीवन जरा हिरमुसला, पण नवीन फळ्याकडे नवऱ्या मुलानं मांडवाकडे बघावं तसा बघत होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

बीप निम्म्यावर आले! शेठ मला 'मॅडम' म्हणाले. पूर्ण्याच्या कंपनीच्या साहेबांनी फोनवर कौतुक केलं.

तरी वैताग संपत नाही. गोदामातून तक्रार, माल फुटून पोचतोय, गाड्या गतिरोधकावरून उडवतात. मी सांगितलं, पॅकिंग नीट करा. दोन गाड्यांचे आरसे तुटून आले. नवशाला विचारलं तर म्हणतो, "गल्ली अरुंद हाय, घासून काढली."

"घासून काढण्यापेक्षा थांबायचं होतं."

"थांबलो आस्तो, पन मंग..." एवढं बोलून तो फळ्याकडे बघून हसला, आणि मी त्याला ड्रायव्हरपेक्षा ड्रायव्हरच्या नाकावरची माशी जास्त विचार करते असं काहीतरी म्हणाले. त्यानं दाद दिली. नेहमीप्रमाणे.

गुणाबाईही कुरकुरली. म्हणे, तुमच्या गाड्या आता हॉर्न वाजवत येतात, थेट अंगावर. मी म्हटलं, हॉर्न वाजवतात म्हणजे सावध करतात ना. सुधारणा कुणालाच बघवत नाही.

जीवनचे बीप शून्य. फोटो लागला. सासुरवाडीला रवाना झाला असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जीवनला बीप लागला. आज, गोदामाच्या फाटकासमोर, सकाळीच.

यार्डात आला तेव्हा पडेल चेहरा. म्हणाला, "बाई, आडवा आला वो. हातगाडीवाला. कापडाचे तागे घेऊन गल्लीतून येकदम बाहेर. दाबावाच लागला."

दुपारी गुणाबाईनं सांगितलं, "बाई, वीतभर अंतरावर थांबली गाडी! तो हातगाडीवाला रस्त्यातच बसला. पानी पाजलं त्याला. तुमच्या जीवनला देवच मानतोय तो."

मी म्हटलं, "देवानं फाटकासमोर वेग आधी उतरवला असता तर त्याला पाणी पाजावं लागलं नसतं."

आणि ते चूक नाहीच. गोदामाचं फाटक, गल्ल्या, माणसं. तिथं गाडी आधीच हळू करून आणायला हवी. फळ्यावर मी लाल खडूनं एक लिहिला. जीवन म्हणाला, "ह्यो येक माफ करा ना." फळा एकदा माफ करायला लागला की त्याचा भाजीबाजार होतो. शाळेत मी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वर्ग घेतला. आता सगळे येतात, हाराच्या ओढीनं. उदाहरण म्हणून जीवनचंच घेतलं, कारण ताजं होतं. म्हटलं, "आपला राजा बघा. घाटात साधू, आणि पूर्ण्याच्या फाटकाशी कचकन!" सगळे हसले. नवशा म्हणाला, "राजे, पाय जड झाला का मिक्सर उचलून?" जीवनही हसला. मान खाली घालून, पण हसला. खेळीमेळीचं वातावरण होतं.

मानकरी यावेळी नवशा. हार गळ्यात घालून त्यानं जीवनच्या डोक्यावर टपली मारली. "बघ, म्हातारा असून ब्रेकला हात लावत न्हाय. म्हंजे पाय."

नंतर जीवन म्हणाला, "बाई, पुन्यांदा न्हाय व्हनार."

अशी शिकायची तळमळ हवी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जीवनचा अपघात झाला. मानकोलीच्या पुलाच्या उतारावर पुढे एक रिक्षा उतारू घ्यायला रस्त्याच्या मधेच थांबली. ती थांबलेली लांबून दिसत होती, असं मागच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं. जीवननं हॉर्न दिला, दिला, दिला, आणि शेवटी डावीकडे ओढली. गाडी गटारात उतरून खांबावर गेली. रिक्षातल्या कुणाला काही नाही. जीवनचा उजवा पाय केबिनमध्ये अडकला. पत्रा कापून काढला.

रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही. पोलीस म्हणाला, ब्रेक फेल दिसतोय. गॅरेजवाल्यानं तपासले. ब्रेक उत्तम आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलात गेले. पाय वाचेल, पण बरेच महिने जातील, गाडी चालवता येईल की नाही ते नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. जीवन गुंगीत होता. मला बघून उठायला लागला. मी खांदा धरला.

"बाई, बीप न्हाय आला ना?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतो ते.

"मी पाय ठेवलाच न्हाय ब्रेकवर. रिक्षा दिसली तवाच ठरवलं, बाजूनं काढू. बसंल वाटलं. न्हाय बसली." आणि मग पुन्हा, "आला का बीप?"

मी म्हटलं, नाही आला.

त्यानं डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मला आयुष्यभर पुरेल, कुठे ठेवायचं ते कळत नाही.

बाहेर बाकावर नेत्रा. तिनं आवाज चढवला नाही. "घाटात उतरायला शिकवा म्हटलं होतं मी. थांबायला त्याला येत होतं."

रिक्षानं घरी आले. केदारनं ताट वाढून ठेवलं. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संगणकावर पाहिलं. जीवनच्या गाडीपुढे: कचकन ब्रेक, शून्य. आदळण्याचा रकाना वेगळा आहे, त्याला आमच्या फळ्यावर जागा दिलेली नाही. हिशेब त्याच्या बाजूनं आहे. या आठवड्याचा हार आमच्या नियमाप्रमाणे त्याच्या फोटोला घालावा लागेल. मी सदरात असं काही लिहिलं असतं तर संपादक म्हणाले असते, बाई, अति होतंय.

बीप का घटले ते आज कळलं. गतिरोधकावरून उडवलेल्या गाड्या, फुटलेला माल, घासलेले आरसे, फाटकापासचे हॉर्न. सगळं या वहीत आहे, माझ्याच अक्षरात, आणि प्रत्येकाखाली माझा एकेक विनोद.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शेठनी अहवाल तयार ठेवला होता. सोमवारी पूर्ण्याच्या कंपनीचे साहेब येणार, त्याआधी माझी सही हवी. एक वाक्य होतं: 'योग्य प्रशिक्षण देऊनही चालकाने ब्रेकचा वापर केला नाही.'

त्यात एकही शब्द खोटा नाही, हीच पंचाईत.

"म्हणजे जीवनला काढणार?"

"मी कुठं काढतो बाई? त्याची चूक त्याला काढते. कंपनीला कोनतरी दाखवायला लागतो ना."

"मला दाखवा."

"काय?"

"मी लिहून देते. ब्रेक दाबला की नाव लाल खडूनं लिहायचं, ही पद्धत प्रशिक्षकानं बसवली. हातगाडीवाल्याला वाचवलं तेव्हा याच माणसाचं सगळ्यांसमोर हसं केलं. दुसऱ्यांदा त्यानं ऐकलं."

शेठनी अहवाल पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "बाई, येवढा खरा लिवून कुनाचा भला झालाय? तुमचाच धंदा हाय हा, पेपरातला. हितं नको."

तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला, की मला इथं कशासाठी आणलंय. वर्गासाठी नाही, विनोदासाठी तर नाहीच. सहीसाठी. मग मी सहीच्या भाषेत बोलले. जीवन पायावर उभा राहिला की कामावर. गाडी नाही जमली तर यार्डात. फळा आज खाली. यातलं काही नसेल तर सोमवारी साहेबांना शेठनी स्वतः घर्षण समजावून सांगावं.

"ब्लॅकमेल करताय, बाई."

"प्रशिक्षण देतेय, शेठ."

शेठनी कुरकुर करत तसं लिहून दिलं, अहवालातलं ते वाक्य खोडलं, तेव्हा मी सही केली. फळा मी स्वतः उतरवला. जड निघाला मेला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शेडमध्ये वर्ग घेतला नाही. यार्ड रिकामं करायला लावलं, टोकाला प्लॅस्टिकचे शंकू ठेवले, सगळ्यांना कुंपणाच्या मागं उभं केलं. एसटीचे प्रशिक्षक आले होते. त्यांना मी हातापाया पडून आणलं, यावेळी वह्या भरायला नाही.

ते म्हणाले, "रिकामी गाडी, वेग तीसचा. मी हात वर केला की पुढे माणूस आलाय असं समजायचं. स्टिअरिंग सरळ, ब्रेक पूर्ण दाबायचा, गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरेल, थरथरू दे. आजूबाजूनं काढायची नाही."

पहिला नवशा. गाडी आली, हात वर झाला, आणि गाडी येतच राहिली. शंकू चिरडून पार पलीकडे जाऊन थांबली. नवशा खाली उतरला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, हसवेल. त्यानं चिरडलेला शंकू उचलला.

"पाय जात न्हाय, बाई. ब्रेकच्या वर्ती जातो आन् थांबतो."

तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा पाय मी चार आठवड्यांत असा करून ठेवला होता. मी फक्त म्हणाले, "परत घ्या."

तेवढ्यात नेत्रा फाटकातून आत आली. जीवनच्या केबिनमधलं सामान न्यायला आली होती, गॅरेजवाल्यानं ते ऑफिसात आणून ठेवलं होतं. मी पुढे झाले नाही. ती कुंपणापाशी थांबली, पिशवी हातात धरून.

नवशा दुसऱ्यांदा आला. हात वर. यावेळी गाडीचं नाक खाली गेलं, टायर किंचाळले, आणि केबिनमधून बीप ऐकू आला. शंकूच्या अलीकडे थांबला होता. थोडासाच अलीकडे. माझ्या पर्समध्ये मोबाईल वाजायला लागला. शेठ असणार, त्यांच्या मोबाईलवर बीप पडला असणार. मी घेतला नाही.

नवशानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सवयीनं ऑफिसच्या भिंतीकडे बघितलं. तिथं फळ्याचे खिळे तेवढे होते.

नेत्रानं पिशवी खाली ठेवली.

"काका," ती ओरडली, "आजून लवकर थांबली पायजे. परत घ्या."

नवशानं गाडी मागं घेतली.